भातचोर आणि तिसरी अट

देशाचं नाव मी सांगणार नाही. वकीलबाईंनी बजावलंय, "मास्तर, आयोगापुढचं कामकाज संपेपर्यंत गुप्त असतं, जिभेला आवर घाला." तेव्हा देश नाही, आणि आमची सरकारी भाषा कोणती तेही नाही, नाहीतर तुम्ही लगेच ताडाल. नदी आहे, नदीकाठी आमचं गाव आहे, घरात आम्ही मांडिंका बोलतो. नदीच्या खालच्या अंगाला, एक सरहद्द आणि एक फेरीबोट ओलांडली की बंजूल लागतं, आणि तिथे आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाची कचेरी आहे. एवढ्यावर भागवा.

मग सांगतोस तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. चूक माझी होती, म्हणून सांगतो.

मी तोंबोंग जात्ता. चौतीस वर्षं शाळेत सरकारी भाषा शिकवली. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्या ओसरीवर कागद घेऊन येतात: जमिनीचे, लग्नाचे, तुरुंगाचे. ते मांडिंकात बोलतात, मी सरकारी भाषेत लिहितो. माझ्या कामाचा मला माज आहे, तो मी लपवत नाही. इतर लेखनिक पदरचा मीठमसाला घालतात. मी शब्दाला शब्द ठेवतो. माणूस जे बोलला ते, आणि तेवढंच.

न्यामा दाबो आली तेव्हा तिच्या मुलाला नेऊन दोन वर्षं झाली होती. न्यामा बोंगा मासळीला धुरी देऊन विकते, त्यामुळे ती येण्याआधी तिचा वास येतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणतो. ती मला मास्तर म्हणते, पण अरेतुरे करते. खुर्ची दिली तर म्हणाली, "खुर्चीत बसून रडता येत नाही नीट," आणि जमिनीवर बसली.

तिचा आन्सु, बापाच्या आडनावाने मांजांग, गावच्या रेडिओवर मासळीचे भाव सांगायचा. एके दिवशी भाव सांगून झाल्यावर तो एवढंच बोलला की कारखान्याचं काळं पाणी नदीत सुटतंय, मासे उलटे तरंगतायत. बाजाराच्या दिवशी दोन गाड्या आल्या आणि त्याला उचलून घेऊन गेल्या. न्यामा ठाण्यात गेली, न्यायालयात गेली, राजधानीत जाऊन आली. न्यायालयाने एकोणीस तारखा दिल्या आणि एकाही तारखेला सरकारकडून कुणी आलं नाही. शेवटी तिला कुणीतरी सांगितलं की बंजूलला आफ्रिकेतल्या सगळ्या सरकारांविरुद्धची तक्रार ऐकणारे लोक आहेत, वकील नसला तरी चालतो, साधं पत्र पुरतं.

"लिही मास्तर," ती म्हणाली. "माझा आन्सु वरच्या वळणावरच्या तळावर आहे. तिथला कमांडर तो मानोकुंदाचा केमो साग्निया. केमो भातचोर आहे. केमो माझा गुलाम आहे. त्याचा आजा आमच्याकडे एका फुटक्या ढोलाच्या बदल्यात आला, आणि खरं तर ढोल द्यायला नको होता, महाग पडला. त्याला आणि त्याच्या सरकारला सांगा, मालकिणीचं पोर परत कर."

मी लिहिता लिहिता हसत होतो. हसू नाही तर काय! न्यामाचं सिताबा आणि केमोचं मानोकुंदा ही दोन गावं एकमेकांची सनावू आहेत. सनावू म्हणजे थट्टेचं नातं. कधी काळी दुष्काळात दोन्ही गावांच्या मूळपुरुषांनी एका हंडीत भात शिजवला, आणि जास्त कोणी खाल्ला यावरून आजतागायत भांडण चालू आहे. सिताबाचा माणूस मानोकुंदाच्या माणसाला भेटला की पहिलं वाक्य शिवीचं. भातचोर, गुलाम, ढेरपोट्या. मयताला जमलेल्या लोकांतही चालतं. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, तोडीस तोड परत द्यायचं. आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, एकाने मागितलेलं दुसऱ्याने नाकारायचं नाही. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, सनावूला येत नाही. न्यामा शिव्या देत नव्हती. ती केमोला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देत होती.

आणि मी काय केलं? शब्दाला शब्द ठेवला. भातचोर, गुलाम, फुटका ढोल, सगळं सरकारी भाषेत स्वच्छ अक्षरात उतरवलं. सनावूचा एका ओळीतही खुलासा केला नाही. मला तो सुचलाच नाही. पाणी ओलं असतं हे कुणी समजावून सांगतं का? बंजूलच्या टेबलावर जो माणूस ते वाचेल तो दुसऱ्या टोकाच्या देशातला असेल, त्याच्या गावी सनावू नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्र पाठवलं आणि चांगलं काम झालं म्हणून त्या दिवशी मी, आमच्याकडे चहा तीन फेऱ्यांत पितात, त्या तीनही फेऱ्या चवीने घेतल्या.

तक्रार नोंदली गेल्याचं पत्र आलं. त्यानंतर चौदा महिने काही नाही. मधल्या काळात सांबूबाईंनी खटला हाती घेतला. जायनाबा सांबू, गरिबांचे खटले फुकट चालवणारी वकील, वय छत्तीस, जेवायची शुद्ध नसते. आणि मग सरकारचं उत्तर आलं.

सांबूबाईंनी मला कचेरीत बोलावलं. पंखा बंद होता, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मास्तर, बसा. आयोग लगेच खरंखोटं करत नाही. आधी तक्रार घेण्याजोगी आहे का ते बघतो. सात अटी आहेत. नाव दिलेलं हवं, देशातल्या न्यायालयांची दारं आधी ठोठावलेली हवीत, उशीर नको, वगैरे. एकोणीस तारखांचे कागद आहेत, ती बाजू मी सांभाळते."

"मग?"

"तिसरी अट. तक्रारीत सरकारबद्दल अपमानाची, हिणवणारी भाषा नको." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "एवढ्यावरून तक्रारी फेटाळल्या गेल्यात. सरकार दोन गोष्टी म्हणतं. एक, आन्सु मांजांग नावाचा माणूस आमच्या कुठल्याही कोठडीत नाही, कधीच नव्हता. दोन, तक्रारदार बाईने राष्ट्राच्या अधिकाऱ्याला चोर आणि गुलाम म्हटलंय, सबब तक्रार कचऱ्यात टाका."

"अहो पण ती थट्टा आहे! केमो तिचा सनावू!"

"हे तुम्ही मला आज सांगताय?" त्यांचा आवाज चढला. "आम्ही जोला जमातीचे, आमची थट्टेची नाती वेगळी. मला वाटलं बाई संतापाने बोलली. तुम्ही एक ओळ खाली लिहिली असती, एक ओळ, तर आज हे झालं नसतं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने रेघा ओढल्या, आणि माझ्याच कागदावर असली चूक. तक्रार फेटाळली गेली तर न्यामाला जायला पुढे दार नव्हतं. बंजूलच्या पलीकडे फक्त समुद्र आहे.

"आता लिहू," मी म्हणालो. "दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांचे जबाब घेऊ. सनावू काय असतं ते समजावू."

न्यामाला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे काय, अक्का?"

"मास्तर, तू शिकलेला आहेस, म्हणून तुला कमी कळतं. तळाच्या फाटकाशी लाकडं विकणारी एक बाई आहे. दर महिन्याला ती मला निरोप आणते. 'मानोकुंदाचे लोक म्हणतात, सिताबाची पोरं फार खातात.' एवढाच निरोप. म्हणजे काय?"

म्हणजे आन्सु जिवंत आहे, आणि केमो त्याला जेवू घालतोय.

"त्याला माझ्या पोराला सोडता येत नाही, वर साहेब आहेत," न्यामा म्हणाली. "पण मारूही देत नाही. आन्सुला दमा आहे, केमोची बायको औषध पाठवते. आता तुम्ही कागदावर लिहिणार की केमो माझा सनावू. सरकार वाचणार. केमोला तिथून उचलणार आणि दुसऱ्या कुणाला बसवणार. त्या दुसऱ्याचा आजा आमच्या हंडीतलं जेवला होता का?"

सांबूबाईंनी कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "ठीक. मग दुसरा मार्ग. शब्द मागे घ्या. दुःखाच्या भरात लिहिलं गेलं, माफ करा, असं मी कळवते. आयोग कदाचित ऐकेल."

"शब्द मागे घेतले की नातं तुटलं, पोरी. सनावूची माफी मागतात का कधी? माफी मागितली म्हणजे ती शिवी होती असं झालं. मग केमो मोकळा. मला नाही म्हणायला मोकळा."

खुलासा केला तर पोरगा धोक्यात, माफी मागितली तरी धोक्यात, आणि दोन्ही नाही केलं तर तक्रार गेली. सांबूबाईंनी शेवटी फक्त एवढंच कळवलं की शब्द एका माणसाबद्दल आहेत, सरकारबद्दल नाहीत, आणि तोंडी सुनावणी द्या. उत्तर यायला पाच महिने लागले. सुनावणी मिळाली.

त्या पाच महिन्यांतले शेवटचे तीन महिने मी विसरणार नाही, कारण लाकूडवालीचे निरोप थांबले. तळाच्या फाटकाशी आता कुणाला उभं राहू देत नव्हते, असं ती म्हणाली. तेच कारण असेल, असं मी न्यामाला दहा वेळा सांगितलं आणि अकराव्या वेळी मलाच ते पटेना. न्यामा मासळीला धुरी देत राहिली. एकदा तिने अख्खा थर जाळून कोळसा केला आणि तिच्या ते लक्षातच आलं नाही. चाळीस वर्षांत तिचा मासा करपल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

बंजूलला आम्ही तिघं आदल्या दिवशी पोचलो. फेरीबोटीवर सांबूबाई कागद वाचत होत्या, न्यामा कठड्याला धरून पाण्याकडे बघत होती. मला बोलल्याशिवाय राहवेना.

"अक्का, उद्या काही विचारलं तर थोडक्यात सांगा. आणि शिवी नको. पाया पडतो."

"कोणाला देणार? केमो थोडाच येणार आहे तिथे."

सांबूबाईंनी मान वर केली. "येणार आहे," त्या म्हणाल्या. "काल कळलं. सरकारने साक्षीदार म्हणून त्यालाच आणलंय. अपमान कसा झाला ते सांगायला."

न्यामाने कठडा सोडला आणि ती बोटीच्या जमिनीवर बसली.

सुनावणीची खोली थंडगार होती, बाहेरच्यांना बंदी. लांब टेबलामागे आयोगाचे सदस्य बसले. आमच्या देशाच्या सदस्यबाई नियमाप्रमाणे उठून बाहेर गेल्या, आपल्या सरकारच्या खटल्यात बसायचं नसतं. मी शपथ घेतली. न्यामा मांडिंकात बोलणार, मी सरकारी भाषेत सांगणार, काचेमागचे दुभाषे ते पुढे प्रत्येक सदस्याच्या कानात त्याच्या भाषेत घालणार. टेबलामागच्या सदस्यांत मांडिंका कळणारं कुणी नव्हतं. सरकारचा वकीलही राजधानीतला, गुळगुळीत चेहऱ्याचा पोरगा. त्याला नदीकाठच्या भाषेत नमस्कारसुद्धा येत नव्हता.

समोर केमो बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गणवेशाला कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या कपड्यातले दोघे, त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. केमो एकदाही न्यामाकडे बघत नव्हता. न्यामा मात्र त्याच्यावरून नजर काढत नव्हती. ती काय शोधत होती ते मला माहीत होतं: आपलं पोर आहे की गेलं, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं असेल तर तिला वाचायचं होतं.

सरकारच्या वकिलाने पत्रातले शब्द एकेक करून मोठ्याने वाचले. चोर. गुलाम. फुटका ढोल. माझंच भाषांतर, माझाच नेमका शब्द. प्रत्येक शब्दाला एक सदस्य काहीतरी टिपून घेत होते. सांबूबाई बोलल्या, चांगलं बोलल्या: एकोणीस तारखा, एक आई, एका माणसाबद्दलचे शब्द. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पण हे शब्द लिहिण्यामागे हेतू काय होता?" सांबूबाईंनी न्यामाकडे पाहिलं. न्यामाने मान हलवली, नाही. सांबूबाई खाली बसल्या. खटला हातातून निसटताना मला दिसत होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग केमोने हातातल्या कागदावरून सरकारी भाषेत वाचलं. "या बाईशी माझं कसलंही नातं नाही. मला चोर आणि गुलाम म्हटल्याने माझा, माझ्या गणवेशाचा आणि राष्ट्राचा अपमान झाला आहे."

मी ते न्यामाच्या कानात मांडिंकात सांगितलं. शब्दाला शब्द. 'कसलंही नातं नाही' इथे ती उभी राहिली.

"अक्का, बसा," मी कुजबुजलो.

"नातं नाही?" तिचा आवाज बाजारातला होता, मासळीच्या ओट्यावरचा. "अरे केमो! भातचोरा! मालकीण समोर उभी आहे आणि तू टोपी घालून बसलास? तुझ्या आज्याला तरी थोडी रीत होती रे, गुलामा!"

अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. सरकारचा वकील उठला. बाई काय म्हणाल्या, अशी विचारणा झाली, आणि मला सांगावं लागलं. भातचोर. गुलाम. तिसरी अट, त्यांच्या डोळ्यांदेखत, कानांदेखत. वकील हसलाच. "सदस्यांनी आता स्वतःच ऐकलं," तो म्हणाला.

मी मात्र केमोकडे बघत होतो, कारण मला जे माहीत होतं ते त्या खोलीत आणखी दोघांनाच माहीत होतं. सनावूने हाक दिली की उत्तर द्यावंच लागतं. फक्त एका बाबतीत देता येत नाही. ज्याच्या हातून मालकिणीचं पोर गेलं, त्याची जीभ तिच्या थट्टेला वळूच शकत नाही. केमो गप्प राहिला, तर आन्सु नाही. न्यामा उभी होती, आणि केमो कागदाकडे बघत होता. मी मनात आकडे मोजू लागलो. नऊपर्यंत पोचलो.

केमोने टोपी काढली. टेबलावर ठेवली.

"भातचोर मी?" तो मांडिंकात म्हणाला. "दर शुक्रवारी तुझं पोर दुसऱ्यांदा ताट पुढे करतं. कालही केलं. माझ्या माणसांना खरवड उरते. सिताबात पोरांना पोट भरायला शिकवत नाहीत का ग, फक्त खायला शिकवतात?"

काल. तो काल म्हणाला होता. न्यामाच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कशाचा ते मला आजही सांगता येणार नाही. ती मटकन खाली बसली आणि तिने डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला.

"हे काय चाललंय?" सरकारचा वकील म्हणाला. साध्या कपड्यातल्या दोघांपैकी एक त्याच्या कानाशी लागला होता. त्याला थोडीफार मांडिंका कळत असावी. वकिलाचा चेहरा उतरला. "अध्यक्षमहोदया, ही खासगी बोलाचाली आहे. नोंदीत नको. भाषांतराची गरज नाही."

"दुभाष्याने भाषांतर करावं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. केमोही. आयुष्यात मला असा घाम फुटला नव्हता, आणि ती खोली थंड होती म्हणून सांगतो. मला एक पळवाट दिसत होती. 'त्यांनी थट्टेला थट्टेने उत्तर दिलं, आमच्याकडे असं नातं असतं,' एवढंच सांगितलं असतं तर खोटं नव्हतं. अपमान नव्हता हे सिद्ध झालं असतं, तिसरी अट निभावली असती, केमो आपल्या घरी गेला असता. पण 'कोठडीत असा माणूसच नाही' हे सरकारचं म्हणणं तसंच उभं राहिलं असतं, आणि उद्या आन्सु खरोखरच नाहीसा झाला असता. आणि खरं सांगितलं तर केमो संपला. मी न्यामाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. ती मला काही सांगणार नव्हती.

केमोने टोपीवरची धूळ बोटाने झटकली. धूळ नव्हतीच.

मी सांगितलं. शब्दाला शब्द. दर शुक्रवारी, तुझं पोर, दुसऱ्यांदा ताट, कालही. काचेमागच्या दुभाष्यांच्या ओठांची हालचाल एकामागून एक थांबली.

"कोणता मुलगा?" अध्यक्षबाईंनी थेट केमोला विचारलं.

सरकारचा वकील "हरकत आहे" म्हणत होता. केमोने सरकारी भाषेत, त्या कागदाच्याच सुरात उत्तर दिलं. "हिचाच. दुसऱ्या कुणाचं पोर एवढं खाईल?"

तहकुबी मागितली गेली, मिळाली. बोळात आम्ही भिंतीला टेकून उभे होतो तेव्हा ते दोघे केमोला मधे घेऊन निघाले. न्यामासमोर येताच तो थांबला.

"जपून जा, केमो," न्यामा म्हणाली.

तो दचकला. "एवढं का वाईट दिसतंय माझं?" तो म्हणाला. "शिवी दे की."

तिला देता येईना. ती नुसती ओठ हलवत राहिली, आणि त्यांनी त्याला पुढे नेलं.

आयोगाने तक्रार दाखल करून घेतली. शब्दांबद्दलच्या परिच्छेदात लिहिलं की साक्षीदाराच्या स्वतःच्या वागण्यावरून ती भाषा अपमानाची होती असं दिसत नाही. आणि अंतिम निकालाआधीच सरकारला कळवलं: त्या माणसाच्या जिवाला अपाय होऊ देऊ नका, डॉक्टर द्या, आईला भेटू द्या. अंतिम निकालाला अजून किती वर्षं लागतील ते सांबूबाईही सांगू शकत नाहीत. पण भेट अकरा आठवड्यांनी झाली. न्यामा पहाटेच गेली आणि दुपारी सरळ सांबूबाईंच्या कचेरीत आली. मी तिथेच होतो.

"आहे," ती म्हणाली. "श्वास घरघरतोय. हाडं वर आलीत. पण आहे."

सांबूबाईंनी टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडल्या. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. न्यामा रडली नाही.

"आन्सु म्हणाला, भात आता एकदाच मिळतो," ती म्हणाली. "बंजूलच्या दिवसापासून केमो तळावर आलेला नाही. नवा कमांडर आहे. मी येताना मानोकुंदाला उतरले. त्याच्या घरीही तो आलेला नाही. बायको ठाण्यात गेली तर म्हणाले, असा कुणी अधिकारी आमच्याकडे नव्हताच."

मला बसायला खुर्ची सापडेना.

"चुकून बोलला तो, अक्का," मी म्हणालो. मला ते तसं असायला हवं होतं. "सवयीने. तुम्ही हाक दिलीत आणि तोंडातून निघून गेलं."

"माझा गुलाम मूर्ख आहे, मास्तर. पण इतका नाही." ती जमिनीवर बसली. "कागद घे. लिही."

"बायकोने करायला हवी तक्रार," सांबूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ती सही करेल?"

"तिला चार लहान पोरं आहेत, ती घाबरलीय. मी करते. परक्याला करता येते ना?"

"येते. आधी इथल्या न्यायालयात जावं लागेल. पुन्हा तारखा पडतील."

"पडू देत. तारखांना मी नाही घाबरत."

सांबूबाईंनी छापील अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. मी टोपण काढलं. तक्रारदाराचं नाव: न्यामा दाबो, राहणार सिताबा. बेपत्ता व्यक्तीचं नाव: केमो साग्निया, राहणार मानोकुंदा. पुढच्या ओळीवर माझा हात थांबला.

"अक्का, इथे विचारलंय, बेपत्ता माणसाशी तुमचं नातं काय."

न्यामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या वर्षांत मी काहीच शिकलो नाही.

"मालकीण," ती म्हणाली. "नीट लिही."